बुधवार पेठेतून परदेशी, एकटीने

परदेशी एकटीने निघालेल्या पुणेकर बाईची तयारी बुधवार पेठेत पाय ठेवल्याशिवाय पुरी होत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत नकाशे, शब्दकोश आणि मीना प्रभूंची प्रवासवर्णनं मिळतात, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर तपकीर गल्लीत प्लगचे अडॅप्टर. काउंटरवरचा माणूस वर न बघता विचारतो, "कुठं जायचंय?" लंडन म्हटलं की तीन जाड पिनांचा अडॅप्टर पुढे सरकतो, दुबई, सिंगापूर, हाँगकाँगलाही तोच चालतो. पॅरिस-बर्लिनला दोन गोल पिना, न्यूयॉर्क-टोकियोला दोन चपट्या. व्होल्टेजचं मात्र आपण होऊन विचारावं लागतं. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानात १००; आपला पाणी तापवायचा रॉड तिथे जेमतेम कोमट पाणी देईल. तो बॅगेत घालूच नये. हॉटेलच्या खोलीत रॉड किंवा शेगडी लावायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीचा धूर छतावरच्या यंत्राला लागला की गजर होतो आणि मजल्यावरचे सगळे पाहुणे झोपेच्या कपड्यांत जिन्यात येतात.

दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर एका अडॅप्टरमध्ये मिळतं. घरातल्यांचे प्रश्न तसे सुटत नाहीत. एकटीच का? सोबत कोणी मिळालं नाही का? तिकडे काही झालं तर? हे प्रश्न आजच्या आयांचे आणि सासवांचे वाटतात, पण त्यांना चांगली १४० वर्षं झाली आहेत. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात, डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी इंग्रजीतून भाषणाला उभ्या राहिल्या. जन्म पुण्याचा, वाढल्या कल्याणला, वय अजून अठरा पूर्ण नव्हतं. लोक आपल्याला काय काय विचारतात ते त्यांनी सहा प्रश्नांत मांडलं आणि एकेकाला उत्तर दिलं. अमेरिकेला का जायचं, इथे शिकायची सोय नाही का, एकटीच का जायचं, परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का, संकट आलं तर काय करणार, आणि कुठल्याही बाईने केलं नाही ते आपणच का करायचं. यातला वाळीत टाकण्याचा प्रश्न आता मागे पडला. बाकीचे पासपोर्टच्या अर्जाबरोबर आजही घराघरांत विचारले जातात.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या. पती गोपाळराव सोबत नव्हते. धाडसाची गोष्ट म्हणून ही हकिकत नेहमी सांगितली जाते. त्यामागच्या तयारीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बोटीवर ओळखीच्या मिशनरी बायकांची सोबत ठरवलेली होती. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर न्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या. या कार्पेंटरबाईंनी १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत चाळलेल्या मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो तीन वर्षं चालला. म्हणजे ज्या घरी उतरायचं त्या घराची माहिती, माणसांचे स्वभाव, हवा, खाणंपिणं, सगळं कागदावर आधी येऊन गेलं होतं. आज तीन मिनिटांत खोली बुक होते, पण पहिल्या रात्रीचा मुक्काम कुठे आणि विमानतळावरून तिथे कसं पोचायचं हे न ठरवता निघणाऱ्या कमी नाहीत. एकटीने जाणं आणि कोणाला पत्ता नसताना जाणं यांत आनंदीबाईंनी गल्लत केली नव्हती.

दुसरी तयारी जास्त अवघड होती. काय बदलायचं आणि काय सोडायचं नाही, हे त्यांनी घरून ठरवून नेलं. साडी सोडायची नाही, मांसाहार करायचा नाही. अमेरिकेत गेल्यावर नऊवारीत पाय उघडे राहतात आणि थंडी बाधते हे लक्षात आलं, तेव्हा साडी कायम ठेवून ती गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंनी तर इंग्लंडमध्ये धर्म बदलला, पण शाकाहार बदलला नाही. दोघींची निवड वेगळी, पण दोघींनीही ती परक्या मुलखात घाईगर्दीत केली नव्हती. आनंदीबाईंच्या बाबतीत मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. फिलाडेल्फियाची थंडी, धड न तापणारी खोली आणि अपुरं खाणं त्यांना भोवलं. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत. पथ्य पाळायचं तर ते पाळून पोट भरेल याची सोयही आधी बघावी लागते.

या दोघींच्या मानाने पार्वतीबाई आठवले कमी आठवल्या जातात. धोंडो केशव कर्व्यांच्या त्या मेव्हणी. देवरुखच्या, बालपणीच लग्न आणि ऐन तारुण्यात वैधव्य. कर्व्यांच्या हिंगण्यातल्या विधवांच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली आणि १९१८ मध्ये, पन्नाशीला टेकत असताना, अमेरिका गाठली. इंग्रजी बेताचंच होतं. ते शिकणं हाही जाण्याचा एक हेतू होता. तिथे लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करत त्या राहिल्या आणि १९२० मध्ये परतल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ मध्ये आलं. 'इंग्रजी येत नाही, मी कुठली जाऊ' म्हणणाऱ्या प्रत्येक मावशीला ते वाचायला द्यावं.

भाषेच्या भीतीचं दुसरं पुणेरी चित्र पडद्यावरचं आहे. पुण्यात वाढलेल्या गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' २०१२ मध्ये आला. लाडू करून विकणारी पुण्याची शशी गोडबोले भाचीच्या लग्नासाठी एकटी न्यूयॉर्कला जाते आणि कॉफीच्या दुकानात काउंटरवर तिची तारांबळ उडते. प्रसंगात अपमान करणारी बाई उद्धट आहे हे खरं, पण तिथली पद्धतही वेगळी असते. रांग पुढे सरकेपर्यंत पाटी वाचून काय घ्यायचं ते ठरवायचं, कोणत्या आकाराचा कप, दूध कोणतं, इथे पिणार की नेणार, हे प्रश्न येणारच हे धरून चालायचं. आपल्याकडे हॉटेलात बसल्यावर वेटर येतो आणि मग चर्चा सुरू होते. तिथे चर्चा रांगेत उरकायची असते. त्याच सिनेमात विमानात भेटलेले अमिताभ बच्चन इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याशी थट्टा करतात. तेवढं मात्र कोणी करू नये. कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट कुठे आहे, याची लहान आणि खरी उत्तरं द्यावीत. तिकिटाचे आणि राहण्याच्या बुकिंगचे कागद मोबाइलमध्ये असतात आणि बॅटरी नेमकी तिथेच संपते, म्हणून छापील प्रती हाताशी असाव्यात.

तपकीर गल्लीतून बाहेर पडून शिवाजी रस्त्याला लागलं की दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडेवाड्याची जागा येते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १ जानेवारी १८४८ रोजी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. मोडकळीला आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. शाळेला जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जातो म्हणून सावित्रीबाई जादा साडी बरोबर ठेवत, असं सांगितलं जातं. रस्त्यावर बाईला त्रास देणारे परदेशातच भेटतात असं मानणाऱ्यांनी हा पत्ता लक्षात ठेवावा. त्या जादा साडीची जागा एकटीने फिरणाऱ्या बायकांच्या पिशवीत आता एका मोठ्या सुती ओढणीने घेतली आहे. ती डोक्यावर, खांद्यावर, कमरेभोवती, कुठेही गुंडाळता येते.

कारण कपड्यांचे नियम देशागणिक बदलतात, आणि कधी एकाच देशात दाराच्या आत-बाहेरही बदलतात. इराणात १९८३ पासून बायकांनी डोकं झाकणं कायद्याने सक्तीचं आहे आणि परदेशी बाईलाही त्यातून सूट नाही. तेहरानच्या रस्त्यावर आज अनेक इराणी बायका मोकळ्या केसांनी दिसतात, पण त्यांनी त्याची किंमत मोजलेली आहे. पाहुणीने त्यांचं बघून ओढणी काढू नये. सौदी अरेबियाने २०१९ मध्ये पर्यटकांना व्हिसा द्यायला सुरुवात केली. परदेशी बाईला अबाया सक्तीचा नाही, अंगभर सैल कपडे पुरतात, आणि एकट्या बाईला हॉटेलात खोली घेता येते. आपल्याकडे २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या मुस्लिम महिला मेहरमशिवाय, म्हणजे नात्यातल्या पुरुषाच्या सोबतीशिवाय, गटाने हजला जाऊ लागल्या. दहा वर्षांपूर्वी हे दोन्ही सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. म्हणून जुन्या पुस्तकातल्या नियमावर किंवा शेजारच्या काकूंच्या अनुभवावर विसंबू नये. निघण्याच्या आठवड्यात नियम पुन्हा तपासावा.

इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत बायकांनी डोकं झाकायचं आणि नमाजाच्या वेळी पर्यटकांनी बाहेर थांबायचं. बँकॉकच्या देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पादत्राणं बाहेर. हे मराठी बाईला सांगावं लागत नाही. पण तिथे एक वेगळी गोष्ट आहे. बाईने बौद्ध भिक्षूला स्पर्श करायचा नाही, हातातून हातात वस्तूही द्यायची नाही. ती खाली किंवा त्याने पसरलेल्या कापडावर ठेवायची. बस-बोटीत भिक्षूशेजारी रिकामी जागा असली तरी बसू नये. कोणाच्या, अगदी लहान मुलाच्याही डोक्याला हात लावू नये, पाय देवाकडे करून बसू नये. आणि राजाबद्दल विनोद करू नये. थायलंडमध्ये राजघराण्याच्या अवमानाला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे.

इराणात आणि आखातात पुरुष हात पुढे करत नसेल तर तो तुसडेपणा नसतो. आपण उजवा हात छातीशी नेऊन मान लववावी, काम भागतं. नमस्कार तर जगात जवळपास कुठेही चालतो.

जपानचं नाव सुरक्षित देशांत नेहमी वर असतं आणि ते बऱ्याच अंशी योग्य आहे. तरीही टोकियोच्या गर्दीच्या गाड्यांत बायकांना नको तिथे हात लागण्याचा त्रास इतका जुना आहे की गर्दीच्या वेळी अनेक मार्गांवर फक्त बायकांसाठी डबा असतो. फलाटावर त्याची गुलाबी खूण केलेली असते. चोरून फोटो काढणाऱ्यांना चाप बसावा म्हणून तिथल्या फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ पासून चालू आहे हे माहीत असलेल्या मुंबईकर बाईला यात नवल वाटणार नाही. दुबईच्या मेट्रोतही बायका-मुलांचा डबा असतो, आणि बायका चालवत असलेल्या गुलाबी टपाच्या टॅक्सी मिळतात. इंग्लंडमध्ये पबमध्ये एखादा माणूस नकोसा झाला तर काउंटरवर जाऊन 'अँजेला आहे का?' असं विचारायचं. लिंकनशरमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेली ही खूण आहे. नोकरांना ती माहीत असेल तर ते बाईला आतून बाहेर काढतात, टॅक्सी बोलावून देतात. सगळ्याच ठिकाणच्या नोकरांना माहीत असते असं मात्र नाही.

आता बॅगेतल्या फराळाकडे. मराठी घरातून परदेशी निघालेल्या बॅगेत डबा नाही असं होत नाही, आणि सर्वांत अनपेक्षित धोका त्या डब्यातच असतो. अनारशावर खसखस असते. खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये अमली पदार्थांत मोडते. दिवाळीत दुबईच्या लेकीकडे निघालेल्या आईने अनारसे घरीच ठेवावेत, आणि मसाल्यांच्या पुड्यांतही खसखस नाही ना हे बघावं. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि काही वेदनाशामक गोळ्याही तिकडे पूर्वपरवानगीशिवाय चालत नाहीत. आपली नेहमीची गोळी असली तरी डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन बरोबर हवं. सुकं खोबरं तेलकट आणि ज्वालाग्राही म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला उतरताना फॉर्मवर खाद्यपदार्थ लिहावेच लागतात. लिहिलेली चकली बहुधा पास होते. न लिहिलेल्या लाडवाला न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो.

सुरक्षित देश आणि धोक्याचा देश अशी सरळ वाटणी करणाऱ्यांनी वेदांगी कुलकर्णी हिचा प्रवास बघावा. पुण्याची ही मुलगी २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, सायकलने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सुरुवात केली आणि १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर अंतर तोडून डिसेंबरात कलकत्त्याला पोचली. त्यातलं बहुतेक अंतर एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागलं. चाकू दाखवून लुटलं ते स्पेनमध्ये, म्हणजे जिथे मराठी पर्यटकांच्या बसेस बिनधास्त फिरतात त्या देशात. रशियातल्या बर्फातल्या रात्री तिने एकटीने काढल्या. लुटलं गेल्यावरही तिने प्रवास पुढे नेला. चाकू समोर आला की पैसे देऊन टाकायचे, हे इथे वाद न घालता मान्य करावं. त्यासाठी वरच्या खिशात थोडे पैसे वेगळे ठेवतात. पासपोर्ट आणि मोठी रक्कम अंगाशी, कपड्यांच्या आत. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा असतो. जिथे सक्ती नाही तिथेही तो घ्यावा. अमेरिकेत एका हाडाच्या प्लास्टरचं बिल पुण्यातला कित्येक महिन्यांचा पगार खाऊन टाकतं.

बुधवार पेठेबद्दल लिहायचं आणि तिथल्या त्या गल्ल्यांबद्दल गप्प बसायचं, हे बरं दिसत नाही. दगडूशेठच्या मंदिरापासून काही पावलांवर पुण्याची वेश्यावस्ती आहे. तिथल्या कितीतरी जणी नेपाळ, बंगाल, कर्नाटकातून आल्या, आणि त्यांतल्या अनेकींच्या प्रवासाची सुरुवात चांगल्या नोकरीच्या आश्वासनाने झाली. परदेशातल्या घरकामाच्या, ब्यूटी पार्लरच्या नोकऱ्यांचे फसवे सापळेही याच पद्धतीने लागतात: तिकीट एजंट काढतो, व्हिसा पर्यटकाचा असतो, उतरल्यावर पासपोर्ट मालक काढून घेतो. भारतीय पासपोर्ट ही १९६७ च्या कायद्याप्रमाणे भारत सरकारची मालमत्ता आहे. तो अडकवून ठेवायचा हक्क कुठल्याही मालकाला नाही. दहावी न झालेल्यांना आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते, आणि घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय तीसच्या वर असावं लागतं. एजंट नोंदलेला आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर फुकट बघता येतं. नोंदलेल्या नसलेल्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये.

याच गल्ल्यांत कॅमेरा घेऊन शिरणारे हौशी फोटोग्राफर, देशी आणि परदेशी, अधूनमधून दिसतात. त्यांचं वागणं ज्यांना खटकतं त्यांनी परदेशात तोच नियम स्वतःला लावावा. बाजारातली म्हातारी, शेतातली बाई, शाळेतलं मूल, कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नये. अमिरातीत तर परवानगीशिवाय माणसाचा फोटो काढणं गुन्हा ठरू शकतं.

हॉटेलात काउंटरवरच्या माणसाने खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारला तर दुसरी खोली मागावी. मागायला संकोच वाटण्याचं कारण नाही. दाराखाली सरकवायची रबरी पाचर हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते आणि साध्या कुलपापेक्षा जास्त झोप देते. घरी कोणाला तरी लाइव्ह लोकेशन द्यावं, पण इन्स्टाग्रामवरचा फोटो त्या गावातून निघाल्यावर टाकावा. पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास. तिथून परतीसाठी तात्पुरता कागद मिळतो. पगार, छळ, कोठडी अशा मोठ्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल २०१५ पासून आहे, आणि घरच्यांना इथे बसूनही त्यावर तक्रार नोंदवता येते.

मदतीचा नंबर युरोपात ११२, आपल्याकडेही तोच. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं, जपानात पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिकेला ११९. हे, दूतावासाचा नंबर आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून तो कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा. मोबाइल चोरीला जातो तेव्हा त्यातले नंबरही जातात, आणि घरचा नंबर आता कोणालाच पाठ नसतो.